बंपरमधला दात

क्रोमचा मुलामा चढवायच्या त्या कारखान्यात एकच कायदा होता. मोठ्याबाई मालासमोर बत्तिशी दाखवणार, आणि पुढच्या पडलेल्या दाताचं खिंडार त्यात लख्ख दिसलं तरच माल बाहेर.

पंपांच्या दांड्यांना सूट होती. "त्यांच्यावरचं जाड क्रोम झिजायलाच जन्मलेलं, सुनेसारखं," त्या म्हणत. "दिव्यांच्या कडांवरचं काळं, ते नुसतं रुबाबाचं. नळांवरचं पातळ म्हणजे पावडर. खाली निकेल धड असेल तरच तोंड उजळतं."

"आणि सासू म्हणजे?" सून हातमोजे चढवत विचारायची.

"निकेल! दिसत नाही, पण सगळं धरून ठेवते."

त्या दिवशी मुलानं थर मोजायचं मीटर आणलं. जीपचा बंपर पॉलिश होऊन समोर होता, गिऱ्हाईक बाकावर बसलेलं. मुलानं मीटर टेकवलं.

"पास! आई, आजपासून तुझी बत्तिशी रिटायर."

"रिटायर हो तू!" म्हणत मोठ्याबाई वाकल्या आणि हसल्या.

बंपरमधल्याही हसल्या. अख्ख्या बत्तिशीनं.

त्यांनी जीभ फिरवली. खिंडार होतं तिथेच होतं.

सून डोकावली. "अय्या, आई, काय छान दिसता–" आणि तिनं वळून मोठ्याबाईंच्या खऱ्या तोंडाकडे पाहिलं. बंपरमध्ये तिचा स्वतःचा चेहरा बरोबर होता.

"माल परत," मोठ्याबाई म्हणाल्या.

"अगं, मीटर ओके म्हणतंय!"

"मीटरला दात आहेत? खोटं बोलणारं क्रोम माझ्या दाराबाहेर जाणार नाही. ये, बघ."

मुलानं वाकून पाहिलं. मग बंपर क्रोम उतरवायच्या ॲसिडात सोडला.

संध्याकाळी नव्या मुलाम्यात खिंडार लख्ख दिसलं. गिऱ्हाईक खूश, मीटर कपाटात. मोठ्याबाईंनी सगळ्यांना चहा पाजला, मुलाला दोनदा.

टाकी रिकामी करताना सुनेला तळाशी एक दात सापडला. लोखंड खाणाऱ्या ॲसिडात, पांढराशुभ्र. तिनं तो चिमट्यानं उचलून नळाखाली धरला.

"आण इकडे."

मोठ्याबाईंनी तो पुन्हा खसखसून धुतला. मग पाठ फिरवून, हळूच, खिंडारात लावून पाहिला.

चपखल बसला.

काढायला गेल्या. हलेना.

"तोंडात राहिला तर राहिला," त्या म्हणाल्या. "माझाच दिसतोय."

सकाळी पहिला नळ आला. मोठ्याबाई ऐटीत हसल्या.

नळात खिंडार लख्ख दिसत होतं.

त्यांनी जिभेनं दात चाचपला. होता. कोमट होता.

"माल पास," त्या म्हणाल्या.