डावा मागचा कोपरा

भरलेल्या ट्रेलरचे टायर तापतात, त्यात विशेष काही नाही. ओझं, रस्ता आणि ऊन मिळून रबर तापवतात, आतली हवा फुगते आणि वेळेवर कोणी पाहिलं नाही तर टायर फुटतो. म्हणून ट्रेलरबरोबर क्लीनर ठेवतात. त्याने दर थांब्याला खाली उतरायचं, प्रत्येक टायरला पालथा हात लावायचा, मग लोखंडी टॉमीने ठोकून बघायचं. घट्ट टायर टॉमी उडवून लावतो, बसलेला नुसता धप्प करतो. पालथा हात टायरवर टिकला तर गाडी पुढे न्यायची, नाही टिकला तर सावलीत उभी ठेवायची. तापलेल्या टायरची हवा मात्र कधी सोडायची नाही. फुगलेली हवा खोटी असते. ती सोडली तर निवल्यावर टायर बसतो आणि पुढच्या फेरीत फाटतो.

हे मी उल्हासनगरच्या एक नंबर कॅम्पात शिकलो. लष्कर गेलं, बराकींत सिंधी माणसं राहायला आली, आणि लष्कराचं उरलंसुरलं सामान लिलावात निघालं. टेकूमल शेठने त्यातला एक ट्रक आणि एक लांब ट्रेलर उचलला. ट्रक माझे दाजी चालवत. दाजी म्हणजे सखा, माझ्या थोरल्या बहिणीचा, बाळीचा नवरा. त्यांनीच मला वांगणीजवळच्या आमच्या पाड्यावरून आणून क्लीनर केलं होतं. अंबरनाथच्या मालधक्क्यावर रेल्वेने आलेली जड यंत्रं चढवायची आणि बदलापूरपलीकडे एक कारखाना उभा राहत होता तिथे पोचवायची, एवढंच काम. येताना ट्रेलर रिकामा.

जाताना ट्रेलरवर यंत्र असे, म्हणून मी ट्रकमध्ये दाजींशेजारी बसायचो. येताना मात्र ट्रेलरच्या डाव्या मागच्या कोपऱ्यावर. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याला डावी कड दिसत नाही. मागून कोणी चढलं किंवा गुरं अंगावर आली की क्लीनरने फळीवर टॉमी आपटायची. सगळ्याच ट्रेलरवाल्यांची ही रीत होती.

परतीला एकच थांबा. बदलापूर सोडलं की थोड्या वेळाने एक ओढा लागे. त्याच्या काठी लष्कराने बांधलेला सिमेंटचा धक्का होता, गाड्यांत माणसं आणि सामान चढवायला बांधलेला. ट्रेलरच्या फळीशी त्याची उंची बरोबर जुळायची. दाजी ट्रेलर त्याला चिकटून उभा करत. मी ओढ्याचं पाणी रेडिएटरमध्ये ओतायचो, टायर बघायचो आणि धक्क्यावरून सरळ फळीवर पाऊल टाकायचो. चढायचे कष्ट नकोत म्हणून.

चैत्रातली गोष्ट. अंबरनाथला पोचल्यावर मी सवयीने टायरना हात लावत गेलो. सगळे कोमट होते. डाव्या मागच्याला लावलेला हात मात्र मी झटक्याने काढून घेतला.

"दाजी, हा पोळतोय."

"ऊन काय कमी हाय का?"

"मग बाकीच्यांवर काय मांडव घातलाय?"

दाजी उतरले. त्यांनीही हात लावून बघितला. मग चाकाभोवती एक फेरी मारून पुन्हा जागेवर जाऊन बसले.

दुसऱ्या फेरीला तसंच. तिसऱ्यालाही. मी चाक खोललं, बेअरिंग पाहिलं, नवं ग्रीस भरलं. ब्रेक चिकटत नव्हता. तो टायर काढून उजवीकडे लावला आणि उजवीकडचा इकडे आणला. उजवीकडे गेलेला टायर थंड राहिला आणि इकडे आलेला तापला. शेठने लष्करी सामानातूनच हवा मोजायचा पितळेचा एक गेज घेतला होता. तो टायरच्या तोंडाला लावला की आतून एक पट्टी बाहेर येई. मला तेव्हा आकडे वाचता येत नसत, कितवी रेघ उघडी पडली ते मी बघायचो. ओढ्यापाशी डाव्या मागच्याची रेघ इतरांइतकीच असे. अंबरनाथला ती भरल्या ट्रेलरच्याही पुढे गेलेली असे.

म्हणजे जे काही व्हायचं ते ओढ्यानंतर होत होतं.

ही गोष्ट शेठच्या कानावर जायला वेळ लागला नाही. त्याने मला आवाराच्या दाराशी बोलावलं. हातात पापड होता, तो मोडत मोडत बोलला.

"बोल चांगो. गाडी खाली, टायर गरम. मतलब काय?"

"काहीतरी अडत असेल, शेठ."

"चाक तू खोललं. टायर तू बदली केला. काय अडतं? तुझा दाजी वाटेत माल भरतो. लाकूड, कोळसा, काय पण. अंबरनाथच्या आधी उतरवून टाकतो."

"मी मागेच बसलेला असतो, शेठ. मला दिसणार नाही?"

"तेच मी पण विचारतो." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "टायर झूठ नाही बोलत, साईं. माणूस बोलतो. या हप्त्यात मला सांग तो काय चढवतो. नाय तर मी दुसरा ड्रायव्हर बघतो."

दाजी, बाळी आणि त्यांची पोरं शेठच्याच आवारातल्या खोलीत राहत होती. नोकरी गेली की खोलीही गेली. मी तेव्हाच ठासून सांगायला हवं होतं की ट्रेलरवर काही चढत नाही. पण मला तसं सांगता येईना. ओढा सोडला की मला डुलकी लागायची. कधीतरी नाही, प्रत्येक फेरीला. आधी कधी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अंबरनाथच्या पहिल्या घरांपाशी जाग यायची, तोंड कोरडं पडलेलं असायचं. त्या मधल्या वेळात दाजी गाडी थांबवत असतील तर मला काय कळणार होतं?

त्या रात्री जेवताना मी बाळीच्या पायांकडे पाहिलं. पायात नवी जोडवी होती.

"बाय, कधी घेतलीस?"

"तुझ्या दाजींना आठवण झाली एकदाची," ती हसत म्हणाली. "लग्नाला इतकी वरसं झाली, आता कुठं उजाडलं."

दाजी ताटावरून वर बघेनात. पैसा कुठून आला असेल, याचाच मी विचार करू लागलो.

पुढच्या फेरीला मी हिरव्या मिरच्या खिशात घेतल्या. ओढ्यापाशी टायर पाहिले, सगळे थंड. पाणी ओतलं, धक्क्यावरून फळीवर आलो, माझ्या कोपऱ्यात बसलो आणि एक मिरची चावली. डोळ्यांतून पाणी आलं. गाडी हलली. थोड्या वेळाने नेहमीसारखी झोप येऊ लागली, मानेवर कोणी ऊबदार घोंगडी टाकावी तशी. मी दुसरी मिरची चावली.

गाडी कुठेही थांबली नाही. कोणी काही चढवलं नाही. दुतर्फा वाळलेलं गवत, मधूनच पळस, लांबवर मलंगगडाचे सुळके. वारा नव्हता.

मी वाकून खाली बघितलं. चाकावरचे लोखंडी पाटे गाडी रिकामी असली की कमानीसारखे वाकलेले असतात. उजवीकडचे तसेच होते. माझ्याखालचे सपाट झाले होते. यंत्र लादल्यावर होतात तसे.

फळी माझ्याकडे कलली होती. मधे ठेवलेली टॉमी हळूहळू घरंगळत माझ्याकडे येऊ लागली. मी ती धरायला हात पुढे केला. पण ती माझ्यापर्यंत आलीच नाही. हातभर अलीकडे, मोकळ्या फळीवर, कशाला तरी अडल्यासारखी थांबली आणि गाडीच्या हादऱ्यांबरोबर तिथेच डुगडुगत राहिली.

मी हात मागे घेतला. अंबरनाथ येईपर्यंत मी हललो नाही.

शेठला मी एवढंच सांगितलं, "दाजी काही चढवत नाहीत. मी जागा होतो."

"दाजी आहे तुझा. तू दुसरं काय बोलणार?" तो म्हणाला. आणि पुढच्या फेरीला स्वतः मालधक्क्यावर येऊन उभा राहिला. तिथे रेल्वेचा मोठा वजनकाटा होता, गाडी वर उभी करायची आणि बाजूच्या खोलीत दांडीवरचं वजन सरकवायचं. काट्यावर श्यामकांत नावाचे कारकून असत. शेठने त्यांना ट्रेलर तोलायला सांगितला.

ट्रक सोडून घेतला. श्यामकांतांनी खिडकीतून ओरडून सांगितलं, "माणसं खाली!" वजन करताना माणसं उतरवायचीच, हा काट्याचा नियम. मी उतरलो. दांडी स्थिर झाली.

"रिकाम्या ट्रेलरचं जेवढं असतं तेवढंच आहे," श्यामकांत म्हणाले. "एक गोणपाटसुद्धा जास्त नाही."

शेठने टायरला हात लावला. पोळल्यावर बोटं फुंकत दाजींकडे वळला. "माल कुठे उतरवला, सखा? आता खरं बोल."

दाजींचा चेहरा उतरला. त्यांनी डोक्याचा पटका काढला, घाम पुसला. मग शेठकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेवरून मला कळलं की इतके दिवस जसा मी त्यांच्यावर डोळा ठेवून होतो, तसेच तेही माझ्यावर होते.

"भाऊसाहेब," ते श्यामकांतांना म्हणाले, "आता ह्याला वर बसवा. त्याच्या जागेवर."

"अरे, हा काडीपैलवान! याचं कसलं वजन?"

"बसवून तर बघा."

मी चढलो. कोपऱ्यात बसलो.

पाटे करकरले.

खोलीतून दांडी वर आपटल्याचा आवाज आला. श्यामकांत वजन सरकवू लागले. खिडकीतून मला त्यांचा हात दिसत होता. सरकवलं, थांबले, पुन्हा सरकवलं. दांडी खाली येईना. त्यांनी आणखी एक वजन अडकवलं.

"वीस मणांच्या वर जातंय," ते हळूच म्हणाले. मग खिडकीत येऊन म्हणाले, "खिशात काय आहे रे तुझ्या?"

शेठ हसला. मग त्याचं हसू मिटलं.

मी खिसा उलटा केला. दोन मिरच्या पडल्या.

"उतर खाली," दाजी म्हणाले.

मी उतरलो. दांडी धाडकन खाली आली. 

शेठने खिशातून रुमाल काढून हात पुसले. "सखा," तो म्हणाला, "तू गाडी घेऊन जा. तुझं काम तुझ्याकडेच. याला नको." माझ्याकडे न पाहताच तो असं बोलला.

मी पाड्यावर परतलो. मोळ्या विकू लागलो. दाजींची नोकरी राहिली, यातच समाधान मानलं. त्यांच्याबद्दल मनात काय काय आणलं होतं ते कोणाला सांगितलं नाही.

वैशाख संपता संपता बाळी पाड्यावर आली. एकटीच. दारात बसून पदराने वारा घेत राहिली. पाण्याचा तांब्या तसाच ठेवला.

"नवा क्लीनर ठेवलाय ना?" मी विचारलं.

"ठेवलाय. तो पुढंच बसतो, तुझ्या दाजींपाशी. मागं कोनी बसत नाय."

"मग?"

"मग काय! टायर परत तापतो. काल तर फुगवटाच आला. शेठ म्हनतो, साल्याला काढला, आता कोनाचं नाव घेशील?" ती माझ्याकडे बघत नव्हती. "ह्यांनी सांगितलंय तुला. तुझं जे काय गाडीवर राहिलंय ते घेऊन जा म्हनून."

"माझं काय राहिलंय? घोंगडी आणली मी. टॉमी शेठची होती."

"मला काय ठाव? पन खोली गेली ना चांग्या, तर पोरांना घेऊन मी तुझ्याच दारात येऊन बसंन. मग खा म्हनंन मिरच्या." ती हसायला गेली आणि रडायला लागली.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. ओढ्याच्या धक्क्यापाशी थांबलो नाही. तिथून बराच पुढे, अंबरनाथच्या बाजूला, रस्त्याच्या डाव्या कडेला उभा राहिलो. ऊन रणरणत होतं. लांबून ट्रकचा आवाज आला, मग धूळ दिसली.

दाजींनी मला पाहिलं. ते रस्त्यात कोणाही ओळखीच्या माणसासाठी गाडी थांबवत. त्यांनी गाडी फक्त हळू केली. नवा क्लीनर खिडकीतून माझ्याकडे बघत राहिला. दाजी समोर बघत होते.

ट्रक गेला. मागून ट्रेलर आला. फळीवर कोणी नव्हतं. डावा मागचा कोपरा खाली दबलेला होता, टायर बसका दिसत होता.

तो कोपरा माझ्यासमोर आला.

पाटे करकरले, आणि कोपरा वर उचलला गेला. बैलगाडीतून जड माणूस उतरल्यावर उचलला जातो तसा. फळी सरळ झाली. हलका झालेला ट्रेलर खडखडत, उड्या मारत ट्रकच्या मागे निघून गेला.

त्यानंतर दाजींनी ती गाडी पुष्कळ वर्षं चालवली. टायर पुन्हा कधी तापला नाही, आणि आवारातली खोलीही राहिली.

धूळ खाली बसेपर्यंत मी उभा होतो. मग घराकडे निघालो. जवळची वाट ओढ्याकाठच्या वांग्याच्या मळ्यातून होती. मळ्याला नुकतंच पाणी दिलेलं होतं, माती मऊ, काळी झालेली होती. मी बांधापर्यंत गेलो, पण त्या मातीत माझ्या पावलांशेजारी काय उमटेल ते मला बघायचं नव्हतं, म्हणून तिथून परत फिरून लांबच्या, मुरमाच्या कोरड्या रस्त्याने घरी आलो. त्या पावसाळ्यात मी भात लावायला चिखलात उतरलो नाही. पुढेही कधी उतरलो नाही.