काढून ठेवलेली तार

पियानो जुळवणाऱ्या काकांना त्या दुपारी स्टुडिओत बोलावलं होतं ते नेहमीच्याच कामाला. रेकॉर्डिंग संपेपर्यंत काचेच्या अलीकडे बसायचं, अधूनमधून आत जाऊन उतरलेला सूर चढवायचा.

वाजवणाऱ्या बाई साठीच्या. दोन वर्षांपूर्वी डाव्या अंगावरून वारं गेलेलं. हात परत आला, पण पूर्वीचा नाही. रचना फार जुनी आणि भलती अवघड. एक अंगाईसारखी साधी धून आणि तिचीच पंचवीस रूपं. चोवीस झाली होती. शेवटच्या रूपानं बाईंना तीन दिवस रडकुंडीला आणलं होतं.

"काका, आज नाही जमलं तर पियानोला कुलूप. कायमचं."

"असं अभद्र बोलू नये, बाई."

त्या हात शेकायला गेल्या आणि काका सूर तपासू लागले, तोच अगदी खालच्या सुराची तार तुटली. खालच्या सुरांना एकेकच तार. ती गेली की पट्टी मुकी. काकांनी तार काढली, वेटोळं करून बाहेर आणली.

"नवी घरी आहे. बाईंना थांबायला सांगा," ते रेकॉर्डिंगवाल्याला म्हणाले.

"सांगतो. तुम्ही चहा घ्या, उतरलेला सूर चढेल तुमचा!"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला, आणि सांगायचं राहून गेलं. काका चहा संपवून येतात तो दारावर लाल दिवा. लाल दिवा लागला की दार उघडायचं नाही, आभाळ कोसळलं तरी. काकांनी कपाळाला हात लावला. त्या रूपाचा सगळा डोलारा खालच्या सुरावरच तर उभा...

बाई वाजवत होत्या. पाण्यावर ऊन नाचावं तसे सूर. आणि मग तो सूर आला. खोल, भरलेला. पायाखालची फरशी घुमली.

काकांच्या मुठीतली तार थरथरली. डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखी.

पुन्हा तो सूर. पुन्हा तार. काकांनी काचेतून पाहिलं. बाई बाकावर उजवीकडे सरकून बसल्या होत्या. डावी बाजू रिकामी होती.

दिवा विझला. बाई बाहेर आल्या. रेकॉर्डिंगवाला डोळे पुसत म्हणाला, "बाई, खालचा सूर काय लागलाय हो!"

बाईंचा चेहरा पडला. "थट्टा करता? तो मी गाळला. हात पोहोचतच नाही तिथवर..."

त्यानं रेकॉर्डिंग लावलं. सूर होता. प्रत्येक ठिकाणी होता. काकांनी मूठ उघडून तार दाखवली.

"पुसून टाकू?" त्यानं हळूच विचारलं.

"नको." बाईंनी डावा हात उजव्या हातात घेतला. लहान मुलीसारख्या दिसत होत्या त्या. "इतकं सुंदर मी धडधाकट असतानाही वाजवलं नव्हतं. राहू द्या. फक्त... नाव माझ्या एकटीचं घालू नका."

"मग आणखी कुणाचं?"

बाईंनी काचेतून रिकाम्या बाकाकडे पाहिलं.

काका झाकण लावायला आत गेले. तार अजून मुठीत थरथरत होती. मघापासून थांबलीच नव्हती. त्यांनी वाकून पाहिलं.

अगदी खालची पट्टी दबलेली होती. कुणीतरी अजून बोट उचललं नव्हतं.