सिस्टर सोडून काहीही

संघप्रियाची आणि त्याची पहिली भेट झाली ती टक्कर होऊनच. ती बाळंतिणींच्या वॉर्डातून बाहेर पडत होती, तो डबा घेऊन आत घुसत होता, आणि डब्यातलं वरण तिच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर सांडलं.

"भेटायची वेळ सोडून पुरुषांनी आत यायचं न्हाय," ती म्हणाली. "आणि हात बघा की तुमचं, निळंशार. आदी धुवून या."

"रंग हाय तो, जात न्हाय," तो ओशाळला. "जर्सी छापतोय मी, शिवाजी पेठेत. रूपालीचा भाऊ, सम्राट. अहो... ते... एवढा डबा तिला द्याल काय?"

रूपालीचं पहिलंच बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. नवरा फौजेत, लांब सीमेवर. बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांनी तिला दिवस भरायच्या आधीच वॉर्डात ठेवून घेतलं होतं, आणि डब्याच्या खेपा भावाच्या गळ्यात पडल्या होत्या. संघप्रियाने डबा घेतला. बाहीवरचा हळदीचा डाग काही निघाला नाही. वॉर्डातली आया शालूबाई तेवढंच धरून बसली. हळद तर लागली, आता नवरा तेवढा बघायचा, असं ती येईल-जाईल त्याला सांगत सुटली.

त्या वॉर्डात 'सिस्टर' या हाकेला खंड नसतो. सिस्टर, सलाइन संपलं. सिस्टर, बाळ दूध ओढंना. ऐकणारा विटून जाईल, पण संघप्रियाला ही हाक प्यारी होती. जयसिंगपूरहून शिकायला आलेल्या या पोरीला पहिल्यांदा कुणीतरी सिस्टर म्हटलं, तेव्हा तिने आईला फोन करून ते सांगितलं होतं. मध्यंतरी एक चांगलं स्थळ आलं. मुलगी पसंत होती, फक्त लग्नानंतर 'ही बाळंतपणाची कामं' बंद करायची अट होती. तिने चहाचे कप उचलले आणि स्वयंपाकघरातूनच नकार कळवून टाकला.

आणि हा सम्राट! डॉक्टरीणबाईंना मॅडम, शालूबाईला मावशी, वॉचमनला काका. संघप्रिया समोर आली की मात्र याची गाडी अडायची. "अहो... जरा... ते..." शालूबाई पदर तोंडाला लावून म्हणायची, लग्नाच्या बायकोनं नवऱ्याला मारावी तशी हाक मारतोय बघा ह्यो. संघप्रिया हसायची, पण आत कुठेतरी टोचायचं. कारण आता डब्याची वेळ झाली की तिची नजर आपोआप दाराकडे जायला लागली होती. हा माणूस बहिणीसाठी पेज करून आणतो, मीठ कमी टाकलंय म्हणून आवर्जून सांगतो, दाराच्या फटीतून तिच्याकडे बघतो आणि पकडला गेला की छताचा पंखा न्याहाळतो. मग सिस्टर म्हणायला याला एवढं जड का जावं? आपल्या कामाला हाही कमीच लेखतो की काय?

एका सकाळी रूपालीला कळा सुरू झाल्या. संघप्रियाने तिची कंबर चोळली, घाबरली तेव्हा धीर दिला, ओरडली तेव्हा ओरडू दिलं. "कळ काढ गं, झालंच आता," असं म्हणत, तिचे केस वर बांधत, तिच्या बरोबरीने श्वास घेत तिने तिला पार नेलं. मुलगी झाली. धुऊन-पुसून, दुपट्यात गुंडाळून तिने ती दारातल्या मामाच्या हातात ठेवली. मामाचे डोळे वाहायला लागले.

"अहो... लई उपकार झालं..."

आता मात्र तिला राहवलं नाही. "सिस्टर म्हणायला जीभ झडत्या व्हय तुमची?"

तो कानापर्यंत लाल झाला. तिने बाळ परत घेतलं आणि दार लोटून घेतलं.

दुपारी भेटायच्या वेळेला तो बहिणीजवळ बसला होता. बोलता बोलता रूपालीचे ओठ पांढरे पडले, मान कलली. अंगाखालची चादर लाल होत चालली होती. आणि सगळ्या वॉर्डाने ती हाक ऐकली.

"सिस्टर!"

संघप्रिया धावत आली. हात रूपालीच्या ओटीपोटावर, तोंडाने डॉक्टरीणबाईंना निरोप, शालूबाईला सलाइन, दुसऱ्या नर्सला इंजेक्शन, सगळं एका दमात. बाळंतिणीची गर्भपिशवी सैल पडली की रक्त थांबत नाही, ती चोळून चोळून घट्ट करावी लागते. तिचे हात भरून आले, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, पण तिने हात काढला नाही. "डोळं मिटू नगंस रूपाली. लेकीचं नाव काय ठेवणार, सांग मला." डॉक्टर आल्या. इंजेक्शनं झाली. हळूहळू तिच्या तळव्याखाली पिशवी नारळासारखी घट्ट लागली. अशा दुपारी या पोरी कुणाकुणाला माघारी ओढून आणतात आणि हात धुऊन पुढच्या खाटेकडे जातात. त्यांना हात जोडावेत तेवढे थोडेच.

रूपालीच्या गालांवर रंग परतला तेव्हा संध्याकाळ झाली होती. बाहेर श्रावणाची भुरभुर चालली होती. व्हरांड्यात सम्राट भिंतीला टेकून उभा होता.

"म्हणता येतंय की मग," ती हळूच म्हणाली.

"येतंय. पण म्हणायचं नव्हतं." तो निळ्या बोटांकडे बघत राहिला. "सिस्टर म्हंजी बहीण. एकदा बहीण म्हटलं की पुढचं सगळं मिटलं न्हवं? म्हणून पैल्या दिवसापासनं जपत आलो. आज रूपाली गार पडाय लागली... तवा कसलं जपतोय."

रागाच्या जागी काय भरून आलं, ते तिलाही कळेना.

"तुमच्या कामाला कमी समजतोय असं वाटलं व्हय? तुमाला काम करताना बघूनच तर..." त्याचं वाक्य अडलं.

"लगीन झाल्यावर ड्युटी सोड म्हणणारी माणसं बघितल्यात मी," ती म्हणाली.

"सोडायची कशाला? डबा मी पोचवीन की. सवय झाल्या आता."

तिच्या ओठांवर हसू आलं. तिने ते दाबलं आणि रोज प्रत्येकीला सांगते तेच त्याला सांगितलं. "जरा कळ काढा." आणि ती आत गेली.

त्याने कळ काढली. रूपालीला घरी सोडलं त्या दिवशीही त्याने काही विचारलं नाही. एका हातात पिशव्या, दुसऱ्यात डबा, पुढे बहीण आणि भाची. जिना माणसांनी गजबजलेला होता. तो अर्ध्यावर पोचला तेव्हा वरून आवाज आला.

"अहो..."

जिन्यावरचे चार-पाच नवरे एकदम मागे वळले. सम्राटही वळला. वर संघप्रिया उभी होती, आणि ती सरळ त्याच्याकडे बघत होती.

"डबा राहिला तुमचा," ती म्हणाली.

त्याने हातातला डबा वर करून दाखवला. "ह्यो काय, हाय की."

"व्हय? मग उद्या भरून आणा. माझी दुपारची ड्युटी हाय."