पदराआडचा कोरा चेहरा

“माझ्या बाईचा चेहरा कुणीतरी पुसून टाकला!” दारातूनच ती मुलगी म्हणाली, आणि बन्सीधरकाकांची सुपारी अडकित्त्यात तशीच अडकून राहिली.

काका मालगाडीचे निवृत्त गार्ड. पूर्णा जंक्शनजवळच्या सुनेत्रा पाठकांच्या तपास-कचेरीत ते रोज येऊन बसत, आणि आपल्यावाचून इथलं पान हलत नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. सुनेत्राबाईंनी विमा कंपनीत पंधरा वर्षं खोटे दावे हुडकण्यात घालवली होती. त्या फक्त खुर्ची पुढे सरकवत म्हणाल्या, “बस. कोणती बाई?”

मुलीनं मांडीवरची पेटी उघडली. आत फूटभर उंचीची बाहुली होती. नऊवारी नेसलेली, वरून पुरुषी सदरा, हातात पत्र्याचा कोयता. हातापायांवर चिखल आणि उसाच्या पाचटाचे ओरखडे इतके हुबेहूब रंगवलेले, की काकांना पाचटाचा वास आल्यासारखा वाटला. तिनं बाहुलीच्या डोक्यावरचा पदर मागे सारला.

खाली नुसता राखाडी चेहरा होता. नाक, ओठ, गालाची हाडं सगळं जागच्या जागी. पण डोळ्यांत बुबुळं नव्हती, भुवया नव्हत्या, कातडीचा रंग नव्हता. काकांनी नजर फिरवली आणि सवयीनं घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं.

मुलीचं नाव मैत्रेयी. बाजारात मिळणाऱ्या सांध्यांच्या बाहुल्या आणून ती त्यांना नवा जन्म द्यायची. मूळ रंग उतरवायचा, सांधे घासायचे, नवं डोकं बसवायचं, कपडे शिवायचे आणि पातळ हात देत देत रंगवायचं. उद्या सकाळी दहाला पुण्याच्या एका कार्यशाळेत ही बाहुली टेबलावर ठेवायची होती. पसंत पडली तर तिथंच कायमचं काम.

“पावणेसातची गाडी आहे. चेहरा रंगवायला मला चार दिवस लागतात,” ती म्हणाली. तिच्या अंगठ्याचं नख कुरतडून लाल झालं होतं. “सकाळी नऊला घरात सगळ्यांना दाखवली, पेटीत ठेवली. अकराला बाजारात गेले, साडेबाराला आले. एकला पेटी उघडली तर ही अशी.”

“पदर असाच होता?”

“नाही, कमरेला खोचलेला. काठात बारीक तार आहे, हवा तसा वळतो. ज्यानं पुसलं त्यानंच झाकायला ओढला असेल.”

सुनेत्राबाईंनी भिंग काढलं. बाहुलीचे कान, नाकपुड्या, ओठांची फट निरखली. मग सदऱ्याच्या कॉलरला बोट लावलं आणि ते काकांपुढे धरलं. “ओलं आहे. वास येतो कसला?”

काकांनी हुंगलं. “छे. नुसतं पाणी.”

“हं. मैत्रेयी, रंग पुसायचा तर कशानं पुसतात?”

“स्पिरिटनं. पण त्यानं खालचा राखाडी प्रायमरचा हातही निघतो.”

“चला,” म्हणत सुनेत्राबाई उठल्या.

घर स्टेशनमागच्याच गल्लीत होतं. मैत्रेयीची खोली मागच्या अंगाला. टेबलावर कुंचले, रंगाच्या बाटल्या, एपॉक्सी पुट्टी, सॅंडपेपर, हेअर ड्रायर. भिंतीवर एक मोठा फोटो: उसाच्या फडात घामानं निथळणारी एक बाई, पदर कमरेला, केस विस्कटलेले, कपाळ मोकळं, नजर थेट समोर. बाहुलीचा नमुना हाच, हे सांगायची गरज नव्हती.

“या आमच्या छबूमावशी,” मैत्रेयी म्हणाली. “राणीसावरगावच्या. दरवर्षी ऊसतोडीला जातात. मागच्या हंगामात मी फडावर जाऊन फोटो काढला. यंदा गुडघा दुखावला, म्हणून इथं बहिणीकडे राहून आमच्याकडे स्वयंपाक करतात.”

“बाहुलीचं डोकं काढता येतं?”

“येतं. पण थंडीत मानेचा खुंटा कडक होतो, ऊब न देता ओढलं तर तुटतो.”

“काका, त्या फळीवरचे डबे मोजा बरं.”

काकांना हे काम आपल्या योग्यतेचं वाटलं नाही, तरी त्यांनी मोजले. “सात. सहांत हात-पाय-डोकी भरलेली. एक रिकामा.”

सुनेत्राबाईंनी मैत्रेयीला, आज बाहुलीजवळ आलेल्यांना एकेक करून बोलवायला सांगितलं. काकांनी परत घड्याळ पाहिलं. पावणेतीन. गाडी सुटायची वेळ जवळ येत असताना सिग्नल पडत नाही, तेव्हा मारायचे तशा त्यांनी दारापर्यंत दोन फेऱ्या मारल्या.

पहिला आला शिवप्रसाद. ताडकळसचा मूर्तिकार, गणपती घडवणारा. बाहुलीचं डोकं त्यानंच घडवून, साचा काढून रेझिनमध्ये ओतलं होतं.

“साडेदहाला कोयता द्यायला आलो व्हतो. अकराला गेलो,” तो म्हणाला. त्याचं लक्ष टेबलावरच्या छापील चिठ्ठीवर होतं. तिच्यावर लिहिलं होतं: ‘ऊसतोड कामगार. निर्मिती: मैत्रेयी.’

“तुमचं नाव नाही यात,” सुनेत्राबाई म्हणाल्या.

“न्हाई. तोंड आमी घडवायचं, नाव दुसऱ्याचं.” तो कडवट हसला. “पर म्हणून तोंड पुसीन काय मी? तीन आठवडे त्या गालाच्या हाडावर काम केलंय. लय जीव लावलाय.”

“हिचं डोकं काढायचं झालं तर तुम्ही कसं काढाल?”

“कपडे घातल्यावर? ड्रायरनं. दोन मिनटं मानंला गरम हवा द्यायची. पाण्यात बुडवायचं ते उघड्या बॉडीला. कापडाला पाणी लागलं तर सगळा चोळामोळा.”

तो गेल्यावर काका कुजबुजले, “हाच! नाव नाही म्हणून डूख धरलाय.”

“काका, तुम्ही गार्ड होता. स्टेशनमास्तर होऊ नका.”

मग मैत्रेयीचे वडील अनंतराव. गणिताचे निवृत्त शिक्षक. हातातल्या वर्तमानपत्राची त्यांनी इतकी बारीक घडी घातली होती की ती आता आणखी मुडपत नव्हती.

“मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही. रंगाच्या वासानं माझं डोकं उठतं,” ते म्हणाले. “पुण्याला एकटीनं जाऊ नये असं माझं मत आहे आणि ते मी तोंडावर सांगितलंय. चोरून काही करायचा माझा स्वभाव नाही.”

“खोलीत आणखी कोण जातं?”

“छबूबाई. रोज सकाळी हिला पातेलंभर गरम पाणी नेऊन देतात. बाहुल्यांना आंघोळ घालतात म्हणे! गॅस काय फुकट येतो?”

शेवटी छबूबाई. फोटोतली बाई समोर उभी राहिली आणि काका उगीचच सावरून बसले. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत, आणि त्याखाली मेणावर बसवलेलं रुपयाएवढं कुंकू. कमरेला पानसुपारीची चंची, फुगलेली.

“सकाळी बाहुली पाहिलीत?” सुनेत्राबाईंनी विचारलं.

“पायली.”

“आवडली?”

छबूबाईंनी फोटोकडं पाहिलं आणि नजर लगेच काढून घेतली. “पोरीनं लय मन लावून केली. मी तशीच पोळ्या टाकायला गेले.”

“मालक कुठं असतात?”

“फडावर. भावासंगं जोडी लावून गेलेत यंदा. चार दिस झाले, फोनच लागंना.” बोलता बोलता त्यांचा हात चंचीवर गेला. “बाई, ती गाडी कितीला हाय? आजच जाती का बाहुली?”

“पावणेसातला.”

“मंग परत कवा येईल?”

वातावरण हलकं करावं म्हणून काकांनी हात पुढे केला. “छबूबाई, एक खांड द्या की सुपारीचं. माझी संपली.”

“माझीबी संपली,” छबूबाई म्हणाल्या आणि घाईनं आत वळल्या.

चार वाजता सुनेत्राबाईंनी सगळ्यांना मैत्रेयीच्या खोलीत बोलावलं. अनंतराव उंबरठ्यावरच थांबले. मैत्रेयी उभी राहायची, बसायची, परत उभी राहायची.

“पहिली गोष्ट,” सुनेत्राबाई म्हणाल्या, “चेहरा कुणी पुसलेलाच नाही.”

“म्हणजे?” मैत्रेयी ओरडलीच.

“कितीही पुसलं तरी कानात, नाकपुडीत थोडा रंग राहतो. इथं कणभरही नाही. उलट स्पिरिटनं निघून जायला हवा तो प्रायमर अगदी एकसारखा आहे. या डोक्याला रंग कधी लागलाच नव्हता. शिवप्रसाद, त्या साच्यातून तुम्ही डोकी किती काढलीत?”

शिवप्रसाद चमकला. “दोन! एक जास्तीचं, अडीनडीला म्हणून. प्रायमर मारून डब्यात ठेवलं व्हतं.”

“तो डबा रिकामा आहे, काकांनी मोजलाय. रंगवलेलं डोकं काढून कुणीतरी हे कोरं बसवलं.”

“म्हणजे माझा चेहरा शाबूत आहे?” मैत्रेयीचा आवाज फुटला.

“आता बघू. डोकं काढलं कसं? कॉलर ओली होती. म्हणजे गरम पाण्यानं. शिवप्रसादनं ड्रायर वापरला असता. तो हाताशीच होता, आणि कापडाला पाणी लावायचं नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. अनंतराव या खोलीत येत नाहीत. बाहुलीचं डोकं निघतं कसं हेही त्यांना सांगता यायचं नाही. जिला गरम पाण्याची रीत ठाऊक होती, पण ड्रायरची नाही, अशी एकच व्यक्ती या घरात आहे. जी रोज ते पाणी आणून देते.”

सगळ्यांच्या माना वळल्या. छबूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

“पण का?” मैत्रेयी म्हणाली. “मावशी, मी तुमचं काय वाईट केलं होतं?”

“त्यांना वाईट करायचंच नव्हतं,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “नुकसान करणारा दुसरं डोकं बसवत बसत नाही. पेटी उघडली तर खांद्यावर काही दिसावं, म्हणून ते बसवलं. म्हणजे मूळ डोकं परत आणायचं होतं. आणि त्यावर पदर घेतला. चोराला पदराशी काय करायचंय? बाईमाणसाचं डोकं उघडं ठेवायला हात धजावत नाही, अशा माणसानं तो घेतला. आता हा फोटो बघा आणि छबूबाईंकडे बघा.”

काकांनी फोटो पाहिला. मग छबूबाईंकडे पाहिलं. मग पुन्हा फोटो पाहिला. आणि दुपारपासून तीनदा पाहिलेली गोष्ट त्यांना पहिल्यांदा दिसली.

“कुंकू,” ते हळूच म्हणाले.

“घामानं पुसलं व्हतं वो,” छबूबाई एकदम बोलल्या, आणि मग त्यांना थांबता येईना. “फडात कुणाचं राहातंय? मी काय म्हणून तसा फोटू काढू दिला! सकाळी पायलं, तर माजंच तोंड आन् मोकळं कपाळ. त्येच तोंड पुण्याला जायचं, चार लोकांत बसायचं. आन् हिकडं माजा माणूस फडात, चार दिस फोन न्हाई. माज्या जिवाचं पाणी झालं. म्हणलं गुपचूप कुंकू लावावं आन् ठिवून द्यावं. बाहुली हालंना नीट, म्हणून डोकं काढलं. मेण लावलं, कुंकू लावलं, तर डोकं गरम, त्ये सगळं नाकावर वघळलं! पुसाया गेले तर आणकीच पसरलं. काय करू? भ्याले.”

“म्हणून काकांना सुपारी मिळाली नाही,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “चंची भरलेली आणि सुपारी संपलेली.”

छबूबाईंनी चंची सोडली. फडक्यात गुंडाळलेलं लिंबाएवढं डोकं मैत्रेयीच्या तळहातावर ठेवलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल डाग पसरला होता. काकांना ते बघवेना.

मैत्रेयीनं डोकं उजेडात धरलं. तिचा राग कुठं जावा हे तिलाच कळत नसावं. मग ती खाली बसली. “वर्षभर मी या चेहऱ्याकडे बघतेय,” ती म्हणाली. “प्रत्येक सुरकुती मोजली. पण तुम्हाला एकदाही विचारलं नाही, मावशी.”

“रंग गेला का ग?” छबूबाईंनी विचारलं.

“वरून वॉर्निशचा हात आहे. खालचं सगळं असेल. बघू.”

कोमट साबणाचं पाणी आलं. ते अनंतरावांनी स्वतः आणलं आणि वासाचं विसरून तिथंच उभे राहिले. कापसाच्या बारीक बोळ्यानं मैत्रेयी मेण उचलू लागली, आणि लाल थराखालून एकेक करून भुवई, पापणी, गालाचं हाड वर आलं. शिवप्रसादनं सोडलेला सुस्कारा काकांच्या मानेला लागला. पाच वाजले होते.

मग तिनं लाल रंग पातळ केला. एक हात, ड्रायर. दुसरा हात, ड्रायर.

“इतकं बारकं न्हाई,” छबूबाई खांद्यावरून म्हणाल्या. “मोठं. आन् जरा खाली. आता मेण न्हाई लागत?”

“वॉर्निश लावते, मावशी. आता घामानंसुद्धा पुसायचं नाही.”

छबूबाईंनी पदर तोंडाला लावला.

शिवप्रसादनं ड्रायरनं मान गरम करून डोकं बसवलं. मैत्रेयीनं कोयत्याशेजारची चिठ्ठी काढली, उलटी केली आणि हातानं लिहिलं: ‘छबूबाई वैजीनाथ, राणीसावरगाव. चेहरा घडवला शिवप्रसाद, ताडकळस. रंगकाम मैत्रेयी.’ शिवप्रसादनं ती दोनदा वाचली आणि पेटीचा पट्टा आवळला.

गाडी दहा मिनिटं उशिरा आली. इतक्या वर्षांत उशिराच्या गाडीवर काका पहिल्यांदाच खूश झाले. मैत्रेयी पेटी छातीशी धरून खिडकीत बसली. अनंतरावांनी पाण्याची बाटली आत दिली आणि पोचल्यावर फोन कर, हे तीन वेळा सांगितलं.

शेवटचा डबा गेल्यावर छबूबाईंनी आपला फोन काकांपुढे धरला. “दादा, तुमी लावून बघा की. माज्या हातानं लागतच न्हाई.”

काकांनी लावला. ‘संपर्क होऊ शकत नाही’ म्हणणारी नेहमीची बाई बोलेल म्हणून ते थांबले, पण घंटी वाजली. दोनदा, तीनदा. मग पाचट जळाल्यासारखा खरखरीत पुरुषी आवाज आला, “हालो? टावरच बंद व्हता गं चार दिस...”

काकांनी घाईघाईनं फोन त्यांच्या कानाला लावला. एका हातानं छबूबाईंनी कपाळ चाचपलं. कुंकू जागेवर होतं.

“जेवलाव का?” त्यांनी विचारलं.