सात नंबरचा रॉड

"आठ नंबरचा नका घेऊ."

बाहेर जूनचा पाऊस होता. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमधल्या त्या मासेमारीच्या दुकानात ओल्या रेनकोटांचा वास भरला होता, आणि मागून कुणीतरी चक्क मराठीत बोललं होतं. मी वळले. उंच माणूस, चष्म्यावर थेंब, हातात दोरीचं रीळ.

"मी मराठी आहे हे कसं कळलं तुम्हाला?"

"फोनवर आत्ता 'दादा, ठेवते' म्हणालात ना. मी राजस. इथेच कार्बन फायबरवर संशोधन करतो. रविवारी मात्र ओढ्यावर, ट्राउट माशांच्या मागे."

"मी संपदा. मला स्टीलहेड पकडायचाय."

स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन दांडगा होऊन नदीत परतणारा ट्राउटच. व्हँकुव्हरच्या माझ्या दादानं, देवदत्तनं, मला ऑक्टोबरमध्ये त्यासाठी बोलावलं होतं. ते माझ्या आजारपणाआधी. नंतर त्यानं तो विषयच काढला नाही, आणि म्हणूनच मला जायचं होतं.

"स्टीलहेडला सात-आठच लागतो," राजस म्हणाला. "पण हा आकडा रॉडच्या वजनाचा नसतो, दोरीच्या वजनाचा असतो. आकडा मोठा तशी दोरी जड, हाताला कष्ट जास्त. इथल्या ट्राउटला पाच पुरतो. आधी पाचवर शिका."

"मला पाच नको."

"हट्टी आहात?"

"आल्झो… म्हणजे, थोडी."

पाऊस थांबल्यावर दुकानदारानं मागच्या हिरवळीवर आठ नंबरच्या रॉडनं दोरी फेकून बघू दिली. थोड्याच वेळात माझा उजवा खांदा पेटला. मी रॉड हळूच खाली ठेवला.

"दुखतंय?"

"नाही."

त्याला ते पटलं नसावं. पण तो एवढंच म्हणाला, "रविवारी जंगलातल्या तळ्यावर या. माझा पाच नंबरचा आणतो."

मी गेले. मग दर रविवारी जात राहिले. गळाच्या जागी तो लाल लोकरीचा गोंडा बांधायचा. दोरी मागे जायची, क्षणभर हवेत थांबायची, आणि पुढे येऊन पाण्यावर अलगद टेकायची… कधीकधी.

"दोरीकडे बघा, माझ्याकडे नको."

"दोरीकडेच बघत होते."

"मग मला तुमचे डोळे कसे दिसले?"

"तुम्ही माझ्याकडे बघत होतात म्हणून."

त्यानं दोरी गुंडाळायला घेतली. कान मात्र लाल झाले.

जुलैत ऊन तापलं, तरी मी पूर्ण बाह्यांचेच कपडे घालत होते. एकदा त्यानं विचारलं, "उकडत नाही?" आणि मला खोटं बोलायचा कंटाळा आला. मी बाही वर सारली. आत हाताला घट्ट बसणारी दुसरी बाही होती, सूज येऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेली.

"स्तनाचा कॅन्सर झाला होता. गेल्या हिवाळ्यात ऑपरेशन झालं. उजव्या काखेतल्या गाठीही काढल्या. हलका व्यायाम चालतो. आठ नंबर नाही चालत, हे त्या दिवशीच कळलं मला."

त्यानं रॉड खाली ठेवला. मग विचारलं, "डावा हात ठीक आहे?"

एवढंच. मला राग आला, आणि घरी पोचेपर्यंत बरंही वाटलं.

पुढच्या रविवारी त्यानं चांगलाच लांब रॉड आणला. "सात नंबर, पण दोन हातांनी धरायचा. उजवा वर, नुसती दिशा द्यायला. जोर खालच्या डाव्या हाताचा. तुमच्या फिजिओला दाखवा, मगच सराव करू."

फिजिओनं बघितलं, होकार दिला. ऑगस्टच्या सुरुवातीला एका संध्याकाळी दोरी माझ्या डाव्या हाताच्या जोरानं सुटली आणि तळ्यावर लांबवर, आवाज न करता उलगडत गेली. खांदा शांत होता. मला रडू आलं. तो शेजारी उभा राहिला, हात न लावता.

"संपदा… मला तू आवडतेस."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला.

"महिनाअखेर तपासणी आहे माझी," मी म्हणाले. "त्यानंतर बोल."

"रिपोर्ट चांगला आला तर आवडशील, असं नाहीये माझं. आत्ता आवडतेस."

"बोलायला सोपं आहे, राजस."

"सोपं नाहीये. पण खरं आहे."

मी रॉड त्याच्या हातात दिला आणि बस पकडली. पुढचे रविवार मी घरीच काढले. ज्याला उद्याची खात्री नाही, त्यानं कुणाला काय कबूल करायचं? त्याचा फोन आला नाही. पावसात भिजलेल्या फांदीचा एक फोटो आला फक्त, खाली एक ओळ: "घाई नाही."

तपासणीच्या दिवशी सकाळी मीच फोन केला. "येशील माझ्याबरोबर?"

तो ऑफिसच्या कपड्यांतच धावत आला. वेटिंग रूममध्ये आम्ही शेजारी बसलो. समोर एक आजी विणत होत्या. मग दार उघडलं, नर्सनं माझं आडनाव चुकीचं उच्चारलं, आणि मी उठले. दोन पावलं जाऊन परत फिरले.

"राजस, हो."

"कशाला हो?"

"तळ्यावर म्हणालास, त्याला."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आत जा," तो म्हणाला, "मी इथेच आहे."

रिपोर्ट चांगला आला. ऑक्टोबरमध्ये दादाच्या नदीत आम्ही कमरेपर्यंत उभे राहिलो, आणि एकही स्टीलहेड गळाला लागला नाही. पुढच्या तपासण्या आहेतच. पण माझं ते 'हो' रिपोर्टच्या आधीचं आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.