पाँडिचेरीला गेलेला पाट

पेणजवळच्या हमरापूरच्या त्या गल्लीत ट्रक असा आडवा उभा होता, की छत्री मिटल्याशिवाय पुढे जाता येईना. स्पृहाने छत्री मिटली आणि नेमकी तेव्हाच श्रावणातली एक सर आली. ऊनही तसंच होतं... त्यामुळे भिजतानासुद्धा धड वैतागता येत नव्हतं.

"ओ छत्रीवाल्या मॅडम!"

तिने वर पाहिलं. ट्रकच्या हौद्यात, गुडघाभर पेंढ्यात एक तरुण उभा होता. दाढीला सोनेरी रंग लागलेला, कानावर ब्रश खोचलेला.

"उभ्याच हाय तर पडवीतला तेवढा गणपती द्या ना वर. शेवटचाच हाय."

पडवीच्या कडेला जुन्या फडक्यात गुंडाळलेली एक मूर्ती होती. हातभर उंचीची. चेहरा झाकलेला. स्पृहाने छत्री काखेत धरली आणि मूर्ती दोन्ही हातांनी उचलली. वाटली होती त्याहून जड निघाली.

"जपून हं!"

"देव आहे, माहीत आहे मला."

"देवाचं काय नाय ओ, तो माफ करतो. आमची आते नाय करत."

तिने मूर्ती वर दिली. घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि तिच्या मनगटावर सोनेरी रंगाची एक रेघ उमटली. दोघांनीही ती पाहिली. दोघांनीही न पाहिल्यासारखं केलं.

"कुठे चाललाय ट्रक?" तिने उगाच विचारलं.

"पाँडिचेरी."

"अरे वा! मग पहाटे समुद्राकाठच्या रस्त्यावर नक्की चाला. गाड्या बंद असतात तेव्हा."

तो पेंढा दाबता दाबता थांबला. "तिथं समुद्र हाय?"

"तुम्ही कधी गेला नाहीत?"

"चार वेळा गेलोय."

"आणि समुद्र पाहिला नाहीत?"

"गोडाऊन बघितलं. मांडवाची मागची बाजू बघितली. आणि सांगतो तुम्हाला, पाँडिचेरीला रंग लवकर सुकत नाय. मद्रासला बरा सुकतो. सुरतेला तर विचारू नका, ब्रश डब्यात घालीपर्यंत खटखटीत!"

स्पृहा हसली. आणि हसल्यावर तिची तीच दचकली... माघानंतर हा आवाज तिने ऐकला नव्हता.

त्याचं नाव सुजय. मूर्तींचा कारखाना त्याच्या आतेचा, म्हणजे गिरजाबाईंचा. लांबच्या रस्त्यात एखाद्या गणपतीचं बोट दुखावतं, एखाद्याची सोंड तडकते. म्हणून प्रत्येक ट्रकाबरोबर एक रंगारी पाठवायचा, ही गिरजाबाईंची जुनी रीत. देव जाईल त्या गावात सुजय जायचा, रंगाचा डबा उघडायचा, मिटायचा आणि परत यायचा. आणि स्पृहाचं काम नेमकं उलटं. मुंबईच्या एका प्रकाशकासाठी ती किनाऱ्यावरच्या शहरांची छोटी पुस्तकं लिहायची. द्वारकेपासून पुरीपर्यंत सगळा किनारा तिने तुकड्यातुकड्याने पायी पाहिला होता.

"म्हणजे एकाच गावात जाऊन," सुजय म्हणाला, "तुम्ही पुढची बाजू बघितली, आन मी मागची."

ट्रक निघाला. वळणावर त्याने हात हलवला... किंवा दोर ओढला असेल. तिने मात्र हात हलवला.

गिरजाबाई आतून हात पुसत आल्या. "कोन गो? टिपणीस सरांची लेक ना? ये, बस."

स्पृहाचे बाबा, त्र्यंबक टिपणीस, रोह्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे. संक्रांत झाली की घरचा पाट घेऊन ते स्वतः हमरापूरला यायचे, म्हणजे घरचा गणपती त्याच पाटावर घडायचा. यंदाही आले होते. मूर्ती ठरवून गेले होते, एक पाय खाली सोडून बसलेली. "मांडी ठोकून बसलेला नको. हा निघायच्या तयारीतला बरा दिसतो," असं घरी येऊन म्हणालेही होते. आणि माघात, गणपतीच्या खूप आधी, ते स्वतःच गेले.

"बाबांनी ठरवलेला गणपती आम्ही नेणार आहोत," स्पृहा म्हणाली. "तेवढंच सांगायला आले."

एवढंसं सांगणंही सोपं नव्हतं. पुण्याच्या काकांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "वर्षाच्या आत नको. आणि पूजेला बसणार कोण? घरात पुरुष नाही." आई काहीच बोलली नव्हती. माघापासून ती लागेल तेवढंच बोलत होती. "गणपती येणार," असं स्पृहानेच सांगून टाकलं होतं. बाबांनी शेवटची ठरवलेली गोष्ट पार पडायलाच हवी होती.

"बांधून ठेवलाय गो तुझा बाप्पा पडवीत," गिरजाबाई म्हणाल्या. "आता सोडत नाय. आदल्या दिशी ने."

स्पृहाने मान हलवली. पडवीकडे तिने पाहिलंही नाही.

चार-पाच दिवसांनी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"छत्रीवाल्या मॅडम का?"

तिच्या छातीत काहीतरी उगाचच लकाकलं. "कोण... सुजय?"

"आतेकडून नंबर घेतला. एक विचारायचं हाय. टिपणीस, गाव अष्टमी, रोहा... तुमचंच घर ना?"

"हो."

"मग बसून घ्या जरा." त्याचा आवाज पार उतरला होता. "तुमचा गणपती माझ्यासमोर हाय. पाँडिचेरीत. बाकीचे सगळे उतरवले, शेवटचं फडकं सोडलं, तर खाली पाट! पाटामागं नाव!"

क्षणभर तिला काही उलगडेना. मग उलगडलं. ते वजन आठवलं. पाटाचं वजन. बाबांचा गणपती तिच्या हातात होता, आणि तिनेच तो उचलून दिला होता... हसत हसत.

"मीच दिला तुम्हाला," ती पुटपुटली.

"आन मीच मागितला. अर्धा-अर्धा दोष घेऊ." मग तो गंभीर झाला. "मॅडम, आदल्या दिवशी तुमच्या उंबऱ्यावर आणतो. वाटेत कोचीला काथ्या भरायचाय, मंगळूरला टाकायचाय, म्हणजे ट्रक किनाऱ्या-किनाऱ्यानं येणार. पन येणार. बाप्पा हौद्यात नाय बसणार आता, केबिनमध्ये माझ्या मांडीवर."

फोन ठेवल्यावर स्पृहा भिंतीवरच्या नकाशासमोर जाऊन उभी राहिली. वर्गात बाबा खडू न उचलता कच्छपासून बंगालपर्यंतचा किनारा एका रेघेत काढायचे आणि पोरं टाळ्या वाजवायची. ते स्वतः रत्नागिरीच्या पुढे कधी गेले नव्हते. पुढच्या सुट्टीत, म्हणायचे. प्रत्येक सुट्टीत.

तिने सुजयला पुन्हा फोन लावला. "एक अट आहे. वाटेत समुद्र पाहायचा. मी सांगेन तिथे थांबायचं."

"ही शिक्षा म्हणायची का बक्षीस?"

"परत आल्यावर सांगते."

मग रोज संध्याकाळी फोन वाजू लागला. कन्याकुमारीहून तो आधी काही बोललाच नाही, नुसता वारा ऐकू आला. "तीन बाजूंनी पानी..." तो शेवटी म्हणाला. "मॅडम, एवढा समुद्र माझ्या पाठीमागं होता, आन मी मांडवात बोटं रंगवत होतो!"

कोचीला तिने त्याला चिनी जाळी पाहायला पाठवलं.

"बघितली. चार बाप्ये घाम गाळून जाळं वर ओढतात, आन मासळी किती? एका मांजराचं जेवन! पन दिसतं मात्र झ्याक. आन ऐका, हितं सोनेरीला दुपार लागते सुकायला. लिहा पुस्तकात."

"माझ्या पुस्तकात रंग सुकवायला कोण जातंय?"

"मी जातोय की. एक वाचक नक्की."

कोझिकोडला त्याने हलवा घेतला. कोणासाठी, ते सांगितलं नाही. कारवारला म्हणाला, "हितल्या बायका भांडतात ते सगळं समजतं. घर जवळ आलं." तिला जाणवलं, ती आता दुपारपासूनच संध्याकाळची वाट पाहू लागली आहे... आणि स्वयंपाकघरात आईच्या हातातली पळी फोन वाजला की थांबते.

एकदा त्याने पाँडिचेरीची गोष्ट सांगितली. "मंडळाचा एक म्हातारा होता. ना त्याची भाषा मला, ना माझी त्याला. नुसतं म्हनालो, पेण. त्यानं दोन्ही हात जोडले... मला ओ! रंगानं बरबटलेल्या मला! मी मागं वळून बघितलं, कोन मोठा मानूस आला का म्हनून."

त्या रात्री स्पृहाने नव्या पुस्तकातलं रायगडचं पान उघडलं. संपादकाने एक ओळ सुचवून ठेवली होती, 'पेण: अलिबागकडे जाताना चहासाठी थांबा.' तिने ती खोडली आणि लिहिलं, 'ज्या गावाचे देव देशभर जातात, त्या गावात पाहुण्याने चहापुरतं थांबू नये.' लिहिताना तिची मान आपोआप ताठ झाली होती. बाबा असते तर त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचून घेतलं असतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी काका पुण्याहून आले. आणि दुपारी फोन आला, राजापूरजवळ पुलावरून पाणी चाललंय, ट्रक अडकलाय.

"मी म्हणत होतो," काका म्हणाले. ते वाईट नव्हते, दमलेले होते. "दादाच्याच मनात नसेल."

 देव्हाऱ्याजवळची जागा स्पृहाने सकाळीच सारवली होती. ती रिकामी जागा पाहात ती बसून राहिली. संध्याकाळी फोन पुन्हा वाजला. मागे रेल्वेची खडखड होती.

"मॅडम, ट्रक तिथंच सोडला बाबाजी ड्रायवरकडं. राजापूर रोडला गाडी गावली. सगळी मुंबई कोकणात उतरतेय, आन अख्ख्या डब्यात उलटे जाणारे आम्ही दोघंच! एक मी, एक हा. रोह्याला या."

रात्री उशिरा रोह्याच्या फलाटावर ती छत्री घेऊन उभी राहिली. पाऊस नव्हता. तरी छत्री हवीच होती... नाहीतर त्याने ओळखलं कसं असतं?

तो उतरला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, आणि पोटाशी लेकरासारखा धरलेला गणपती. रंगाचा डबा खांद्याला. तिच्या समोर येऊन थांबला.

"घ्या. जसा दिला तसा." मग चाचरत म्हणाला, "अगदी तसा नाय... गाडीत फडकं जरा सारून बघितलं, दमट हवेनं डोळ्याची रेघ जरा फुटलीय. सकाळी काढून देतो."

तिने मूर्ती घेतली. तेच वजन. ह्या वेळी तिने ते ओळखलं, आणि इतके महिने आवरून धरलेलं पाणी डोळ्यांच्या काठाशी आलं.

सुजयने खिशातून रुमाल काढला. त्याला सात रंग लागलेले होते. त्याने तो पुन्हा खिशात घातला.

"हलवा देऊ का?" तो हळूच म्हणाला.

ती रडता रडता हसली.

सकाळी माजघरात तो मूर्तीसमोर बसला.  श्वास रोखून त्याने एक रेघ ओढली, मग दुसरी... आणि एकदम कोणीतरी घरात आल्यासारखं वाटलं. काकांनी पाट किंचित तिरका करून मागचं नाव वाचलं. भावाचं अक्षर. 

"कुठे कुठे जाऊन आला हा?" त्यांनी विचारलं.

"पाँडिचेरी, कन्याकुमारी, कोची, कोझिकोड, मंगळूर, कारवार, गोवा," सुजय म्हणाला. "जिथं जिथं मॅडम म्हनाल्या, तिथं तिथं समुद्र दाखवला ह्याला. तोंडावरचं फडकं नाय काढलं, पन पाटाला वारा लागला."

"दादा रत्नागिरीच्या पुढे कधी गेला नाही."

"आता गेले," स्पृहा म्हणाली. 

काकांनी पाट पुन्हा सरळ केला. "बरं... पूजेला मग मीच—"

"स्पृहा बसेल."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आई, श्यामला टिपणीस, दारात उभी होती. हातात दूर्वांची जुडी.

"वहिनी, पण—"

"भावजी, ह्यांची लेक आहे ती. ह्यांचा पाट तिने परत आणला. पूजेला तीच बसेल." आणि आईने दूर्वा लेकीच्या हातात दिल्या.

स्पृहा बसली. मंत्र काकांनीच सांगितले, तिच्यासाठी सावकाश, आणि आरतीत सगळ्यांत मोठा आवाजही त्यांचाच लागला.

दुपारी आईने पंगत मांडली. सुजय डबा आवरून ओसरीवर उतरू लागला होता. "निघतो मी. हमरापूरला आते वाट बघत असल."

 आईने कोपऱ्यातून आणखी एक पाट आणला, स्पृहाच्या पाटाशेजारी मांडला, केळीचं पान वाढलं आणि वरण आणायला आत निघून गेली.

सुजयने पानाकडे पाहिलं. मग स्पृहाकडे. त्याच्या हातातला ब्रश उगाच ह्या बोटातून त्या बोटात फिरत होता.

"एक राहिलंच," स्पृहा म्हणाली. "सगळ्या गावांचं सांगितलंत. रोह्यात रंग किती वेळात सुकतो?"

त्याने बाप्पाच्या डोळ्यांकडे पाहिलं, दारातून दिसणाऱ्या कुंडलिका नदीकडे पाहिलं, आणि शेवटी तिच्याकडे.

"रोह्याचं अवघड हाय," तो म्हणाला. "लई वेळ लागनार... जन्मभर थांबाय लागल बहुतेक."

"थांब मग," ती म्हणाली. "जेवून घे आधी."