नाव न घेता सोडलेले पाणी

मृताला पाणी देणे हे पुत्राचे कर्तव्य खरे. परंतु ते कोणाला दिले हे सांगितलेच नाही, तर तो देणाऱ्याचा दोष ठरतो की तहानलेल्यावर झालेला उपकार, याचा निवाडा शास्त्रालाही अवघड जावा.

घडले ते घडले तसेच येथे दिले आहे. ज्याच्यावर हा प्रसंग गुदरला तो पद्माकर आजही कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरात राहतो. झऱ्याचे नाव मात्र त्याच्या विनंतीवरून गाळले आहे.

मे २०२१. दुपारचे साडेतीन.

दहा दिवसांपूर्वी त्याचे वडील श्रीनिवासराव, म्हणजे अण्णा, पुण्यात महामारीला बळी पडले होते. सीमा बंद होत्या. अग्नी दिला तो अनोळखी हातांनी. पद्माकरच्या वाट्याला एकच गोष्ट उरली होती. दहाव्या दिवशी अण्णांना आपल्या हातचे पाणी मिळावे.

"घरच्या बेसिनपाशी कर की," निघताना पत्नी शैला म्हणाली होती. "देव काय पोस्टकोड बघतो?"

"वाहतं पाणी हवं, असं गुरुजी म्हणाले."

म्हणून तो दीड तास गाडी चालवून त्या खनिज पाण्याच्या झऱ्यावर आला.

फाटकाशी देखभाल करणारी वृद्ध ब्रॉनविन बसली होती. "फाटकावरचा कोड स्कॅन करून चेक-इन केलंस? मग नो वरीज. आज तू एकटाच आहेस."

झऱ्याचे पाणी वर आणणाऱ्या हातपंपामागे एक पडकी इमारत होती. पद्माकरने तिच्याकडे बोट दाखवले.

"स्नानगृह. सांधे धरलेले लोक लांबून यायचे, पाणी प्यायचे, त्यात बसायचे. मग एकोणीसशे एकोणीसचा फ्लू आला. आत होते त्यांना आतच कोंडलं. नातेवाईक या कुंपणापाशी उभे राहायचे... कुणालाही आत सोडलं नाही. गेले ते मागच्या उतारावर पुरले. संसर्ग नको म्हणून रजिस्टरही जाळलं. नावंच उरली नाहीत, मेट."

गेले दहा दिवस पद्माकरही कुंपणाबाहेरच उभा होता.

ब्रॉनविन चहाला घरी गेली.

त्याने पंप हापसून तांब्या भरला. पाण्याला लोखंडाचा वास होता. समोर तांबूस डाग पडलेली सपाट शिळा होती. दक्षिणेकडे तोंड करून त्याने जानवे उजव्या खांद्यावर घेतले, पुडीतले काळे तीळ ओंजळीत घेतले, आणि फोन स्पीकरवर ठेवला. पुण्याहून दीनानाथ गुरुजी सांगत होते.

"आधी गोत्र. मग वडिलांचं नाव, आणि नावाला जोडून 'प्रेत'. दहाव्यापर्यंत तसंच म्हणायचं. मग 'एष तिलतोयाञ्जलिस्तवोपतिष्ठताम्'. तुमचं तुम्ही म्हणा, मी ऐकतोय."

अण्णांच्या नावाला तो शब्द जोडताना पद्माकरची जीभ वळेना. त्याने गोत्र गाळले, नाव गाळले, फक्त शेवट पुटपुटला... हे तिलोदक तुझ्यापाशी पोचो.

ओंजळ सोडली.

शिळा कोरडीच राहिली.

त्याला वाटले, आपली नजर चुकली. त्याने दुसरी ओंजळ सोडली...

शिळेवर ना पाणी, ना तीळ.

स्नानगृहातून खोकल्याचा आवाज आला.

एकदा. मग दोनदा. मग अगदी जवळून...

त्याने मान वळवली नाही. घाईघाईने तिसरी ओंजळ सोडली.

"पद्माकर," गुरुजींचा आवाज बदलला होता, "तिथे किती जण आहात?"

"एकटाच आहे, गुरुजी."

"मग तुम्ही 'तव' म्हटलंत की मागून 'येस' कोण म्हणतंय? आधी एक बाई होती. आत्ता चार-पाच जण होते. मित्रमंडळी असतील तर गप्प बसायला सांगा."

"गुरुजी... मी नाव घेतलं नाही."

पलीकडे पोथीचे पान उलटल्याचा आवाज आला.

"अहो, 'तव' म्हणजे तुझं. कुणाचं ते सांगितलं नाहीत, तर ऐकेल त्याचं."

"परत घेता येईल?"

"प्यायलेलं पाणी कुणाच्या घशातून काढणार?"

"मग अण्णा?"

"नाव घ्या. तो शब्दही घ्या. त्यात अपमान नाही हो. प्र-इत, म्हणजे पुढे निघालेला. वाटेवरच्या माणसाला वाटेवरचाच म्हणायचं."

पुडीच्या तळाशी उरलेले चिमूटभर तीळ त्याने ओंजळीत घेतले. खोकला आता त्याच्या दोन्ही बाजूंना होता.

"वसिष्ठगोत्र... श्रीनिवासप्रेत... एष तिलतोयाञ्जलिस्तवोपतिष्ठताम्."

पाणी सुटले.

खोकला थांबला.

पंपाचे ठिबकणेही थांबले...

शिळा कोरडी होती.

"पोचलं," काही वेळाने गुरुजी हळूच म्हणाले. "आता मागे न बघता निघा."

"कुणाला पोचलं?"

फोन बंद झाला होता.

त्या घटनेला आता वर्षे लोटली. शैला म्हणते, "पोचलं म्हणाले ना? मग झालं." पण शिळा आधीही कोरडी होती आणि नंतरही. शेवटची ओंजळ अण्णांनी घेतली, की त्या तहानलेल्यांतल्या आणखी कोणी? त्या क्षणी फोनवर काय ऐकू आले, हे पद्माकरने गुरुजींना पाच वेळा विचारले. पाचही वेळा त्यांनी शिवांगीच्या, त्याच्या मुलीच्या, अभ्यासाची चौकशी केली.

अजूनही पाण्याचा पेला तोंडाला लावण्यापूर्वी तो क्षणभर थांबतो. कोणी 'येस' म्हणते का, ते ऐकतो.

ज्याच्या ओठांपर्यंत ते पाणी गेले, तो तृप्त असो. आणि ज्याने ते दिले, त्याला शांत झोप लागो.